वाजलां काय, ता खंय लिवलास?

आमच्या गावच्या जत्रेतल्या दशावतारावर मी पहिल्यांदा लिहिलं, तेव्हा मजकूर जेमतेम तीनशे शब्दांचा झाला. देवीचं नाव, तिथी, नाटक मंडळाचं नाव, आख्यान, मानकरी, देणगीदार, गर्दी आणि शेवटी 'पहाटेपर्यंत रसिक मंत्रमुग्ध होऊन बसले होते' हे वाक्य. मजकूर फोनवरून गावभर फिरला. दोन दिवसांनी बाजारात त्या रात्रीचे पेटीवाले काका भेटले. त्यांनी तो वाचला होता. म्हणाले, "नावां सगळ्यांची इली. पण वाजलां काय, ता खंय लिवलास?"

वाजलं काय होतं, ते मला नीट आठवत होतं. दवाची रात्र होती. मध्यरात्र उलटल्यावर स्त्रीपार्टीचा गळा बसायला लागला होता. पद जवळ आलं, तसं काकांनी संवादाच्या मागे हळूच नवी पट्टी धरली, नेहमीपेक्षा एक सूर खाली. नटाने बोलता बोलता ती कानात घेतली आणि पद तिथूनच उचललं. वरची जागा आली तेव्हा आवाज फाटला नाही. मांडावर बसलेल्या चार-पाच जणांनीच माना हलवल्या. त्या रात्रीतली संगीताची सगळ्यात मोठी गोष्ट तीच होती, आणि माझ्या तीनशे शब्दांत ती कुठेच नव्हती.

तेव्हापासून संगीतावर लिहायला बसलो की काकांचा प्रश्न आधी समोर ठेवतो. आता आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात दशावतार, डबलबारी, गणपतीतली भजनं यांवर लिहिणारी तरुण मुलं आहेत. इंटरनेटवरची नियतकालिकं त्यांचे लेख घेतात, जागेची टंचाई नसते, सोबत चित्रफीतही जोडता येते. सोयी आल्या, पण लिहिणं बरंचसं माझ्या त्या पहिल्या मजकुरासारखंच राहिलं आहे. म्हणून हा लेख.

आधी एक भेद स्पष्ट करू. कार्यक्रम झाला, कोण आलं, किती वाजता संपला, ही बातमी. कार्यक्रम होणार आहे आणि तो चुकवू नका, ही जाहिरात. परीक्षण म्हणजे एका जाणत्या कानाने काय ऐकलं, त्यातलं काय साधलं, काय हुकलं आणि ते कशामुळे, याचा हिशेब. 'मंत्रमुग्ध'सारख्या शब्दाची अडचण तो जुना झाला एवढीच नाही. तो ऐकणाऱ्याच्या अवस्थेबद्दल बोलतो, आवाजाबद्दल काहीच सांगत नाही. आपलं वाक्य तपासायला सोपा उपाय आहे. ते उचलून दुसऱ्या कार्यक्रमाच्या लेखात ठेवून पाहावं. आंगणेवाडीच्या जत्रेतल्या नाटकाला, सावंतवाडीतल्या ख्यालाच्या मैफलीला आणि शेजारच्या वाडीतल्या भजनाला ते सारखंच चालत असेल, तर ते खोडावं. उरेल ते कदाचित चारच ओळींचं असेल. त्या चार ओळींपासून परीक्षण सुरू होतं.

मराठीत ही वाट चांगली मळलेली आहे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतल'चा प्रयोग झाला आणि पुढची पन्नास वर्षं नाट्यपद हा मराठी माणसाच्या रोजच्या बोलण्याचा विषय झाला. कुठल्या नटाने कुठल्या पदात कुठली जागा घेतली, यावर ओटीवर वाद व्हायचे. या बोलण्याला लेखनाची शिस्त देणाऱ्यांत केशवराव भोळे यांचं नाव पुढे येतं. 'एकलव्य' या टोपणनावाने त्यांनी आपल्या काळातल्या गायकांवर लिहिलं. ते स्वतः संगीतकार होते. 'आंधळ्यांची शाळा' या १९३३ च्या नाटकाचं संगीत त्यांचं, 'प्रभात'च्या 'संत तुकाराम' (१९३६) आणि 'कुंकू' (१९३७) या चित्रपटांचंही त्यांचंच. 'कुंकू'मध्ये वेगळं पार्श्वसंगीत नाही. प्रसंगात जे आवाज असतील तेच प्रेक्षकाला ऐकू येतात. एवढ्या बारकाईने आवाजाचा विचार करणारा माणूस गायकावर लिहायला बसला की त्याची नजर कुठे जाईल, हे समजायला कठीण नाही. त्यांच्या एका पुस्तकाचं नावच 'आवाजाची दुनिया' आहे. गळा कसा लागतो, शब्द कसा फेकला जातो, चाल कुठे वळते, असं लिहिलं की गायक समोर उभा राहतो.

वामनराव देशपांडे यांचं 'घरंदाज गायकी' १९६१ साली आलं. वामनराव पेशाने हिशेब तपासनीस. गाणं मात्र मोगूबाई कुर्डीकर, सुरेशबाबू माने अशांकडे बसून शिकलेले. घराण्यांवर तोवर पुष्कळ लिहिलं गेलं होतं, पण ते बहुतेक वंशावळीसारखं: कोण कुणाचा शिष्य, कुणाकडे कुठल्या चिजा. वामनरावांनी एक साधी रेघ आखली. तिच्या एका टोकाला सूर, दुसऱ्या टोकाला लय. किराण्याचं गाणं सुराच्या टोकाशी, आग्र्याचं लयीच्या टोकाकडे, जयपूरचं दोन्हींचा तोल सांभाळत मधे, आणि बाकीची घराणी आपापल्या जागी. ही मांडणी जशीच्या तशी सगळ्यांनी मान्य केली असं नाही, वाद झालेच. पण ऐकणाऱ्याच्या हातात मोजपट्टी आली. आज संध्याकाळी ऐकलेला गायक त्या रेघेवर कुठे बसतो, हे कुणालाही विचारता येऊ लागलं. चांगला परीक्षक निकालाच्या आधी अशी रेघ देतो, म्हणजे त्याचा निकाल न पटलेल्या वाचकालाही पुढच्या वेळी जास्त ऐकू येतं.

तिसरं नाव डॉ. अशोक दा. रानडे (१९३७–२०११) यांचं, आणि सिंधुदुर्गात बसून लिहिणाऱ्याला मला ते सगळ्यात जवळचं वाटतं. भारतीय संगीताचा विचार त्यांनी वेगवेगळ्या कोटींमध्ये केला: आदिम, लोक, भक्ती, कला, जन आणि या सगळ्यांच्या संगमातून होणारं. प्रत्येक कोटीचं काम वेगळं, म्हणून कसोटीही वेगळी. हे एकदा मनात ठसलं की दशावतारातल्या पदाला ख्यालाची फूटपट्टी लावून 'राग शुद्ध नव्हता' असं लिहिण्याची चूक होत नाही. ते पद रागाचा विस्तार करायला आलेलंच नसतं. त्याला राजाचा शोक दोन मिनिटांत शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा असतो, तोही जत्रेतल्या खाजे-भज्यांच्या दुकानांच्या गलबल्यातून.

उलट बाजूची चूकही होते. 'लोककला आहे, त्यात सूर-ताल काय बघायचा, भाव बघायचा,' असं मोठ्या मनाने म्हणणारे भेटतात. ते कौतुक वाटतं, पण त्यात कलावंताचा अपमान आहे. दशावतारातल्या पेटीवाल्याला आणि पखवाजवाल्याला सूर-ताल फार काटेकोर लागतो. या भूमीत तर अभिजात गाण्याची मुळंही आहेत. ग्वाल्हेरची तालीम घेऊन मोठे झालेले रामकृष्णबुवा वझे सावंतवाडी संस्थानात जन्मले आणि लहानपणी मालवणात विठोबाअण्णा हडप यांच्याकडे शिकले. पुढे त्यांची ख्याती झाली ती अनवट रागांसाठी. 'आवाज गोड होता' एवढ्यावर लिहिणं संपवणाऱ्याच्या हाती वझेबुवांचं गाणं लागलंच नसतं.

आता दशावतार ऐकायचा कसा, ते सांगतो. बघायचा कसा हे पुष्कळांनी लिहिलं आहे.

वाद्यं तीनच: पायपेटी, पखवाज आणि झांज. पायपेटीचा भाता पायाने चालतो, त्यामुळे वाजवणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे राहतात आणि आवाज सलग, भरदार येतो. रंगमंचावर एक बाकडं, मागे कापड. संवाद लिहिलेले नसतात. आख्यान कुठलं, कुणी कुठली भूमिका करायची, हे ठरलं की बाकी सगळं नट उभ्या उभ्या रचतात. म्हणजे पद केव्हा येईल हे पेटीवाल्यालाही आधी माहीत नसतं. नटाच्या बोलण्याचा सूर चढतोय का, तो एखादा शब्द घोळवतोय का, यावरून तो ओळखतो आणि पट्टी देतो. ऐकताना पहिलं लक्ष इथे हवं. बोलणं संपून गाणं सुरू होतं तो सांधा कसा आहे? चांगल्या रात्री तो सांधा दिसत नाही. वाईट रात्री नट बोलणं संपवतो, थांबतो, पेटीकडे बघतो, सूर घेतो आणि मग गातो. एवढं लिहिलं तरी वाचकाला त्या संचाची तयारी कळते.

दुसरी जागा पखवाजाची. युद्धाच्या प्रवेशात दोन योद्धे समोरासमोर नाचत येतात, तेव्हा पखवाज आणि झांज मिळून रंगमंच उचलून धरतात. तिथे बघायचं ते पावलाकडे. पाऊल समेवर पडतं का? ठेका द्रुत होताना नट ओढला जातो, की तोच पखवाजाला ओढत नेतो? थाप खणखणीत येते का? आपल्या किनाऱ्यावर या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर हवेवरही असतं. दव पडलं, खारा वारा सुटला की चामडं सैल पडतं, स्वर उतरतो. मग वादक हातोडीने गट्टे ठोकून दोऱ्या ताणतो, डाव्या पुडीवरची भिजवलेली कणीक कमीजास्त करतो. 'पखवाज मधेच उतरला' एवढंच लिहून सोडणं अन्याय आहे. तो उतरल्यावर वादकाने काय केलं, हे लिहिलं की परीक्षण पुरं होतं.

पेटीबद्दल थोडं थांबून बोलावं लागेल, कारण शहरातून आलेला लिहिणारा इथे हमखास अडखळतो. पेटीचे सूर कारखान्यातच पक्के झालेले असतात. सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. एका सप्तकाचे १२०० सेंट धरले, तर षड्जापासून शुद्ध गांधार पेटीवर ४०० सेंटांवर येतो. तंबोऱ्याच्या नैसर्गिक सुरावळीतला गांधार सुमारे ३८६ वर. फरक चौदा सेंटांचा, पण तयार कानाला तो खुपतो. शिवाय पेटीवर मींड निघत नाही, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही. या आक्षेपांपायी आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियम बंद केली, ती बंदी १९७१ पर्यंत राहिली. त्याच काळात इकडे वाडीवाडीत पेटीवर भजन चालू होतं. गोविंदराव टेंब्यांसारख्या थोर माणसाने जन्मभर हे वाद्य वाजवलं, आणि पेटी गळ्यासारखी गाऊ शकते असं वाटायला लावलं. तेव्हा पेटीवर लिहिताना तिच्या मर्यादा माहीत हव्यात, पण प्रश्न हा विचारावा की या वादकाने त्या मर्यादांचं काय केलं. भात्याचा दाब हलका करून सूर विझवला का? दोन सुरांमधली फट गायकाच्या आवाजाला मोकळी सोडली का? की गायकाच्या प्रत्येक तानेवर आपली तान चढवली?

डबलबारीचा प्रकार याहून वेगळा. दोन भजन मंडळं समोरासमोर. दोन बुवा, दोघांच्या पेट्या, पखवाज, चक्की, मागे धरकऱ्यांचा कोरस. एकाची बारी झाली की दुसऱ्याची. अभंग, गवळण, गजर असं करत रात्र वर चढते. मधे एकमेकांना शाब्दिक टोले, पुराणातले प्रश्न, उत्तरं. लोकांतून बक्षिसाच्या नोटा येतात, नावं पुकारली जातात. सामना म्हटला की 'जिंकलं कोण?' हा प्रश्न येतोच, आणि लिहिणाराही त्यातच अडकतो. मी हा प्रश्न शेवटी ठेवतो, बऱ्याचदा सोडूनही देतो. वामनरावांची रेघ इथे मला कामाला येते, मात्र एका रेघेने भागत नाही. डबलबारीतला बुवा तीन बाजूंनी ओढला जातो: शब्द, सूर आणि ठेका. काही बुवा शब्दाचे. अभंगाचा अर्थ उलगडून, दृष्टान्त देऊन, मग चाल लावतात. त्यांच्या बारीत हशा आणि डोळ्यांतलं पाणी दोन्ही असतं, पण गजर उचलला जाईलच असं नाही. काही सुराचे. त्यांनी वरचा षड्ज लावला की मंडप क्षणभर थांबतो. बोलायला लागले की रंग उतरतो. काही ठेक्याचे. गजराला त्यांच्या मागे पाचशे टाळ्या एका तालात पडतात. कुठल्या बुवांचा कल कुठे, आणि समोरच्या बुवांनी त्यांना त्यांच्या घरातून बाहेर ओढलं का, यात सामन्याची खरी गंमत आहे. शब्दाच्या बुवांना ठेक्याच्या आखाड्यात उतरावं लागलं आणि ते उतरले, हे वाक्य जय-पराजयापेक्षा जास्त सांगतं.

चालींचा वाद इथे सतत असतो. लोकांच्या कानात बसलेल्या चित्रपटगीताची चाल अभंगाला लावली की जुनी जाणती माणसं नाराज होतात, तरुण शिट्ट्या मारतात. परीक्षकाने कुठल्या बाजूला उभं राहावं? माझं मत स्पष्ट आहे. चाल कुठून आली यापेक्षा ती अभंगाच्या शब्दांना बसते का, हे तपासावं. अभंगाच्या चरणात एक विसावा असतो, यमक कुठे पडतं हे ठरलेलं असतं. उसन्या चालीने तो विसावा भलत्या ठिकाणी तोडला, विठ्ठलाच्या नावातलं जोडाक्षर ओढून लांबवलं, तर ते खटकलं असं शब्दासकट लिहावं. बसली असेल तर बसली म्हणावं. नाट्यपदांच्या चालींवर भजनं गाणाऱ्या पिढ्या आपण 'पारंपरिक' म्हणून ऐकतोच. त्या चालीही कधीतरी नव्या होत्या.

भजनाची पट्टी नक्की लिहावी. काळी एक, पांढरी चार, काळी चार ही भाषा आपल्याकडे शेतातून आलेला माणूसही बोलतो. पुरुषांचा आवाज साधारण काळी एक-दोनच्या आसपास आरामात लागतो. डबलबारीत बुवा त्याच्या बऱ्याच वर जातात, कारण उंच स्वर मंडपात लांबवर पोचतो आणि जोर दाखवतो. त्याची किंमत गळा देतो. पहाटे चारच्या बारीत तोच षड्ज कसा लागतो, हे ऐकायला परीक्षकाने जागं राहायलाच हवं. अर्ध्या रात्री उठून घरी गेलेल्याने अर्ध्या रात्रीवरच लिहावं आणि तसं सांगावं.

घराघरांतल्या गणपतीच्या भजनांवर परीक्षण लिहू नये, असं माझं मत आहे. तिथे शेजारी शेजाऱ्याकडे येतो, आरती होते, काळ्या वाटाण्यांची उसळ आणि चहा होतो, ज्याला येतं तो गातो. ते लिहिण्याची भाषा वेगळी. जिथे माणसं ऐकवायला उभी राहिली आहेत, तिथेच परीक्षकाने वही काढावी.

आता फोनचं. डबलबारीचा सामना आज रात्री झाला की उद्या सकाळी तो मुंबईतल्या चाळीत आणि आखातातल्या खोलीत ऐकला जातो. हे चांगलंच झालं. पण ध्वनिमुद्रण ऐकून लिहिणं आणि समोर बसून लिहिणं यांत फरक आहे, तो ओळखायला हवा. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानचं गाणं तबकडीवर घेतलं गेलं. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची. तासभर फुलणारा राग तीन मिनिटांत बसवताना गायकांनी गाणंच वेगळं बांधलं. तबकडीवरून त्यांच्या मैफलीचा अंदाज करणारे फसले. प्रत्येक यंत्र आवाजाचं काहीतरी ठेवतं आणि काहीतरी टाकतं.

फोन काय टाकतो? त्यातली स्वयंचलित योजना हळू आवाज उचलते आणि मोठा आवाज दाबते. म्हणजे बुवांनी मुद्दाम आवाज विझवून घेतलेली ओळ आणि तारसप्तकातली हाक, दोन्ही जवळपास सारख्या उंचीच्या ऐकू येतात. गाण्यातला चढउतार, जो बऱ्याचदा कलावंताचा सगळ्यात मोठा विचार असतो, तोच सपाट होतो. पखवाजाचा खालचा घुमारा फोनच्या छोट्या कर्ण्यातून बाहेरच पडत नाही, तेव्हा पखवाज नुसता टपटपतो असं वाटतं. चित्रण करणारा पेटीजवळ बसला असेल तर कोरस दुबळा वाटेल, कोरसात बसला असेल तर बुवा हरवतील. म्हणून ध्वनिफितीवरून लिहिताना मी तीन गोष्टी पाळतो. साधे का होईना, कानावर बसणारे हेडफोन लावतो. एकाच सामन्याच्या दोन वेगवेगळ्या फिती मिळाल्या तर दोन्ही ऐकतो. आणि आवाज पातळ-जाड, घुमारा, तोल यांवर निकाल देत नाही. लय, शब्द, चाल, सुराचा खरेखोटेपणा यांवरच बोलतो, कारण एवढं फोन बऱ्यापैकी जपतो.

एक गोष्ट मात्र इंटरनेटवर लिहिणाऱ्याला अशी मिळाली आहे, जी एकलव्यांना नव्हती. वाचक तीच फीत उघडून ऐकू शकतो. 'दुसऱ्या बारीत, फितीच्या ४७ व्या मिनिटाला, बुवा गवळणीचं धृपद तिसऱ्यांदा घेताना ठेका अर्ध्यावर आणतात' असं लिहिलं की वाचक तिथे जातो, ऐकतो आणि ठरवतो. लिहिणाऱ्यावर यामुळे जबाबदारी वाढते. काल्पनिक जागा लिहिता येत नाही. आपल्याला ताल मोजता येत नसेल तर तालाबद्दल बोलता येत नाही. आधी मोजायला शिकावं लागतं. हे शिकणं फार अवघड नाही. भजनी ठेका आठ मात्रांचा. हाताच्या बोटांवर मोजत चार रात्री बसलं की सम ऐकू यायला लागते. पट्टी ओळखायला शेजारच्या पेटीवाल्याकडे जावं. आपल्याकडे दर वाडीत एक पेटी असतेच.

पारिभाषिक शब्दांचं भान यातच येतं. वाचक दोन तऱ्हेचे असतात. एक, ज्याला 'तिहाई' म्हटलं की कानात ती ऐकू येते. दुसरा, जो मंडपात बसून डोलतो पण नाव जाणत नाही. दोघांसाठी एकच वाक्य लिहिता येतं. 'तिहाई घेतली' असं लिहून थांबू नये. 'तोच तुकडा तीनदा वाजवून नेमका समेवर आणून टेकवला' असं लिहिलं की पहिल्याचा वेळ जात नाही आणि दुसऱ्याला नवं काही मिळतं. मंडळी जो शब्द वापरतात तो घ्यावा: चाल, पट्टी, उठाव, जागा, गजर उचलला, सूर चिकटला. 'सांगीतिक अनुभूतीचा आविष्कार' असलं काही लिहिलं की पेटीवाले काका पुढचं वाचत नाहीत, आणि मला ते वाचायला हवे आहेत.

राहिला अवघड भाग. जिल्हा लहान आहे. ज्याच्यावर लिहायचं तो भावकीतला, निदान मित्राच्या सासुरवाडीचा असतो. उद्या तिठ्यावर भेटणार. म्हणून सगळं गोड लिहिलं जातं, आणि सगळंच गोड असलं की खरोखर चांगल्या वाजवणाऱ्याला त्याचं चांगलेपण कधीच कळवलं जात नाही. उणीव लिहिताना मी एवढं बघतो की ती कलावंताच्या हातात आहे का. बसलेला गळा, उतरलेला पखवाज, आयोजकांनी लावलेला कर्कश ध्वनिक्षेपक या त्याच्या हातात नसलेल्या गोष्टी. पण संपूर्ण रात्र एकच चाल फिरवणं, कोरसाशी तालीम न करणं, समोरच्या बुवांच्या गाण्याऐवजी त्यांच्या अंगावर बोलणं, हे हातात आहे, आणि ते लिहायला हवं. आयोजकाकडून जेवण घेतलं तर चालतं, सगळेच जेवतात. पाकीट घेतलं की लिहू नये. आपण कुठल्या मंडळात टाळ वाजवत असू, तर त्यांच्या सामन्यावर दुसऱ्याने लिहावं.

दशावतारातल्या 'ट्रिकसीनयुक्त' नाटकांवर लिहिताना या प्रामाणिकपणाचा कस लागतो. धूर, उडणारा गरुड, विजेचे दिवे यांनी गर्दी खेचली जाते, आणि जाणकार त्यावर नाक मुरडतात. मी आधी पेटीकडे कान लावतो. यंत्राचा देखावा चालू असताना संगीत त्याच्या मागे धावतं आहे, की दोघं मिळून काही घडवताहेत? एका प्रयोगात देवी प्रकट होताना सगळे दिवे विझले, फक्त झांजेची बारीक किणकिण चालू राहिली, आणि मग पखवाजाची एकच थाप. त्या थापेवर प्रकाश आला. यंत्र आणि वाद्य एका समेवर आले होते, आणि मी ते तसंच लिहिलं.

लेखाच्या शेवटी मी आता एक छोटी चौकट देतो. तिथी आणि तारीख. गाव, देऊळ. आख्यान किंवा बाऱ्यांचा क्रम. मी किती वाजता बसलो, किती वाजता उठलो. समोर ऐकलं की फितीवर. मुख्य पट्टी. आणि वादकांची नावं, आधी पेटी, मग पखवाज, मग झांज किंवा चक्की, प्रत्येकाच्या गावासकट आणि वाडीसकट. कारण एकाच नावाचे दोन परब आणि तीन सावंत एकाच तालुक्यात पखवाज वाजवत असतात, आणि पन्नास वर्षांनी कुणी शोधायला बसलं तर त्याला नेमका कोणता, ते कळायला हवं.